त्या बुधवारी कॉफी होती का?

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात मी एक स्लाइड दाखवली. विषय होता वैज्ञानिकांच्या प्रयोगशाळेबाहेरच्या गप्पांचा, आणि स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : इ. स. १७०० च्या सुमारास लंडनमध्ये ३००० कॉफी हाउस. मागच्या रांगेतून एका बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "कोणी मोजली?"

मला उत्तर देता आलं नाही. मी विज्ञान शाखेतून आलेली. आकड्यामागे मोजमाप नसेल तर आमच्याकडे गाईड उभं करत नाहीत. पण आकडा इतिहासातला म्हटल्यावर मी तो डोळे मिटून उचलला होता. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी मूळ कामाऐवजी या कॉफी हाउसांच्या मागे लागले. ते आठवडे वाया गेले असं गाईडचं मत आहे. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर तुमचं मत तुम्हीच ठरवा.

आधी आकड्याचं सांगते. विल्यम मेटलंड याने १७३९ मध्ये लंडनचा इतिहास छापला, त्यात शहरातल्या कॉफी हाउसांची संख्या ५५१ दिली आहे. दुसरीकडे ब्रायंट लिलीव्हाइट यांनी १९६३ मध्ये लंडनच्या कॉफी हाउसांचा एक जाडजूड कोश काढला. त्यात दोन हजारांहून थोड्या जास्त नोंदी आहेत. पण त्या सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतच्या सगळ्या मिळून. म्हणजे एखाद्या गावात दोनशे वर्षांत जन्मलेल्या सगळ्यांची यादी करायची आणि तिलाच गावाची लोकसंख्या म्हणायचं, तसं होईल. एका वेळी तीन हजार चालू होती, याला आधार मला तरी कुठे सापडला नाही. एक पुस्तक दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे.

५५१ तरी काही थोडी नव्हेत. मग प्रश्न असा, की इतक्यांतून आपल्याला हवं ते कॉफी हाउस माणूस शोधायचा कसा?

पहिलं दुकान शोधायला सोपं होतं, कारण ते एकटंच होतं. १६५२ मध्ये पास्क्वा रोझे या माणसाने कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स ॲलीत कॉफी विकायला सुरुवात केली. स्मर्नाहून आलेल्या डॅनियल एडवर्ड्स या व्यापाऱ्याकडे तो नोकर होता. त्याने कॉफीचे गुण सांगणारं एक पत्रकही छापून घेतलं. पचनापासून डोळेदुखीपर्यंत सगळ्यावर ती कशी चांगली, वगैरे. आजचे ग्रीन टीवाले करतात तेच. पुढच्या वीस वर्षांत मात्र या गल्ल्या अशा दुकानांनी भरल्या. १६६६ च्या आगीत त्यातली बरीच जळाली, आणि पुन्हा उभी राहिली.

घरांना तेव्हा नंबर नव्हते. पत्ता म्हणजे दारावरची पाटी, तीही चित्राची : तुर्काचं डोकं, इंद्रधनुष्य, असं काहीतरी. चवीवरून निवडावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. १६६० च्या कायद्याने तयार कॉफीवर गॅलनमागे चार पेन्स कर बसवला होता. कर बियांवर नाही, उकळलेल्या कॉफीवर. त्यामुळे ती एकदम मोठ्या प्रमाणात करून ठेवायची, अधिकाऱ्याला मोजून द्यायची आणि मग दिवसभर गरम करत राहायचं. आपल्या कॉलेजच्या कँटीनमधला चारचा चहा आठवा. ही कॉफी कुणी चवीसाठी पीत असेल यावर माझा विश्वास नाही.

तेव्हा 'चांगलं' कॉफी हाउस म्हणजे चांगली माणसं आणि ताजी बातमी. एक पेनी द्यायची, लांब टेबलावर जी जागा रिकामी असेल तिथे बसायचं, शेजारी कोण आहे ते नशिबावर. पण हळूहळू जागा ठरत गेल्या. जहाजवाले आणि विमा उतरवणारे एडवर्ड लॉइडच्या दुकानात, शेअरवाले जोनाथन्समध्ये, कवी आणि नाटकवाले विल्समध्ये. १७०९ मध्ये रिचर्ड स्टील याने 'टॅटलर' सुरू केलं, तेव्हा पहिल्याच अंकात त्याने विषयांची वाटणी कॉफी हाउसांवरून केली : कविता विल्समधून, विद्वत्ता ग्रीशियनमधून, देश-परदेशच्या बातम्या सेंट जेम्समधून. वाचकाला वेगळं समजवावं लागलं नाही. आब्राहाम द म्वाव्र हा फ्रान्समधून परागंदा झालेला गणिती सेंट मार्टिन्स लेनमधल्या स्लॉटर्समध्ये बसायचा, आणि जुगाऱ्यांना संभाव्यतेचे हिशेब करून द्यायचा. विद्यापीठात त्याला जागा मिळाली नाही. गणित हवं असलेल्यांना तो कुठे भेटेल हे मात्र ठाऊक होतं.

या सगळ्याला 'पेनी विद्यापीठ' म्हणायची पद्धत आहे. मीही स्लाइडवर म्हटलं होतं. आता जरा जपून म्हणते. पेनी देऊन टेबलाशी बसणारे जवळजवळ सगळे पुरुष होते. बायका होत्या त्या कॉफी देणाऱ्या किंवा दुकान चालवणाऱ्या, त्यात बऱ्याचदा विधवा. आणि त्या काळची वर्तमानपत्रं उघडली तर पळून गेलेल्या गुलामाला पकडून अमक्या कॉफी हाउसात आणून द्या, बक्षीस मिळेल, अशाही जाहिराती सापडतात. ज्या टेबलावर विज्ञानाच्या गप्पा चालायच्या त्याच टेबलावर हे वर्तमानपत्र पडलेलं असायचं. प्रस्तावनेत 'खुला ज्ञानव्यवहार' वगैरे लिहायचा मोह झाला की मी ती जाहिरात आठवते.

सरकारलाही ही दुकानं खुपत होती. दुसऱ्या चार्ल्सने २९ डिसेंबर १६७५ ला फर्मान काढलं, की १० जानेवारीपासून सगळी कॉफी हाउस बंद. तिथे राज्यकारभाराविषयी खोट्या अफवा पिकतात. ओरड इतकी झाली की ८ जानेवारीला ते मागे घ्यावं लागलं. इथे एक खड्डा आहे, बघून चाला. इंग्लंडमध्ये तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे माघारीच्या कागदावरही साल १६७५ च असू शकतं, आणि नवख्या माणसाला वाटतं की हुकूम निघायच्या अकरा महिने आधीच तो मागे घेतला. मी वहीत अगदी असंच उतरवून ठेवलं होतं.

आता रॉबर्ट हूककडे येते. माझा खरा जीव त्याच्यात अडकलाय.

हूक म्हणजे स्प्रिंगच्या नियमावाला, 'मायक्रोग्राफिया'वाला. रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणं ही त्याची नोकरी. राहायला ग्रेशॅम कॉलेजात. शिवाय आगीनंतर शहराची मोजणी करणाऱ्यांपैकी एक. १६७२ पासून तो डायरी ठेवत होता. डायरी म्हणजे काय, तुटक शब्द : आज कोण भेटलं, कुणाला किती पैसे दिले, कोणतं औषध घेतलं, झोप लागली की नाही. आणि कॉफी. १६७२ ते १६८० या काळात त्याने साठाहून जास्त वेगवेगळ्या कॉफी हाउसांची नावं नोंदवली आहेत. एखाद्या दिवशी दोन, कधी तीन. त्यातलं एक्स्चेंज ॲलीतलं गॅरावेज त्याचं ठरलेलं, पुढे जोनाथन्स. दोन्ही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

तो तिथे करायचा काय? उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांना गाठायचा, बांधकामाचे व्यवहार उरकायचा, पुस्तकं बघायचा, सोसायटीची बैठक संपली की तिथलीच माणसं घेऊन वाद पुढे चालवायचा. आपण कॉन्फरन्समध्ये पेपरापेक्षा चहाच्या सुट्टीची वाट बघतो, त्यातलाच प्रकार.

याच हूकच्या नावावर कॉफी हाउसांची सर्वात प्रसिद्ध गोष्ट आहे. तुम्हीही वाचली असेल. जानेवारी १६८४. लंडनच्या कॉफी हाउसात तिघं बसलेत : हूक, वास्तुकार क्रिस्टोफर रेन आणि तरुण एडमंड हॅली. विषय असा की सूर्याचं आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर त्यावरून ग्रहांच्या गती सिद्ध करता येतील का? हूक म्हणतो, मी केलंय. रेन म्हणतो, दोन महिन्यांत सिद्धता आणा, चाळीस शिलिंगांचं पुस्तक बक्षीस. सिद्धता काही येत नाही. ऑगस्टमध्ये हॅली केंब्रिजला जाऊन न्यूटनला गाठतो, आणि १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' छापून येतं. आधुनिक भौतिकशास्त्र कॉफीच्या टेबलावर जन्मलं, असा या गोष्टीचा थाट.

मीही ती पुढच्या स्लाइडवर टाकली होती. ३००० चा धडा ताजा होता म्हणून यावेळी मूळ कागद काढून बघितला. हा प्रसंग आपल्याला कळतो तो हॅलीच्या एका पत्रातून, जे त्याने २९ जून १६८६ ला न्यूटनला लिहिलं, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ अडीच वर्षांनी. पत्रात सगळं आहे. बुधवार होता. हॅली शहरात आला होता. रेन आणि हूक भेटले, बोलणं निघालं. दोन महिन्यांची मुदत आहे, चाळीस शिलिंगांचं पुस्तक आहे. हूक म्हणाला की सिद्धता मी इतक्यात दाखवणार नाही, इतरांनी प्रयत्न करून हरल्यावर तिची किंमत कळेल, तेही आहे.

कॉफी हाउस नाही.

मी तो भाग तीन वेळा वाचला. शहरात भेटलो, बोलणं निघालं, एवढंच. मग वाटलं, हूकची डायरी बघू. पण तिच्यातल्या नोंदी १६८३ पर्यंत विरळ होत जाऊन थांबतात, आणि पुढची जी वही हाती आहे ती नोव्हेंबर १६८८ मध्ये सुरू होते. ज्या जानेवारीत आपल्याला त्याची गरज आहे, नेमका तिथे खड्डा.

मग कॉफी हाउस आलं कुठून? तर्क सोपा आहे. सोसायटीच्या बैठका बुधवारी व्हायच्या, बैठकीनंतर मंडळी कॉफीला जायची, हूक तर जायचाच. त्यामुळे ते तिघं कॉफी हाउसात बसले असण्याचा संभव चांगला आहे. मला विचाराल तर मीही त्यावरच पैसे लावीन. पण तो संभव आहे, पुरावा नाही; आणि कुणीतरी कधीतरी 'बसले असतील' मधला 'असतील' गाळून टाकला.

खरी गंमत याच पत्रात खाली आहे. कॉफी हाउस पत्रात येतं, पण दुसऱ्याच प्रसंगात. २८ एप्रिल १६८६ ला 'प्रिन्सिपिया'च्या पहिल्या भागाचं हस्तलिखित सोसायटीपुढे आलं. सभेत न्यूटनची स्तुती झाली आणि हूकचं नाव कुणी घेतलं नाही. हॅली लिहितो, की सभा संपल्यावर सगळे कॉफी हाउसात गेले, आणि तिथे हूक लोकांना पटवू लागला की असं काहीतरी माझ्याकडे आहे आणि याची पहिली खूण न्यूटनला मीच दिली होती. जमलेल्यांचं म्हणणं पडलं, की तुझं काहीच छापलेलं नाही, सोसायटीच्या दप्तरातही नोंद नाही. तेव्हा शोधाचा मान न्यूटनचाच. तो भाग वाचताना मला आमचा कॉरिडॉर आठवला. "हे मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याच्या वहीत बहुतेक वेळा तारीख नसते.

हूकची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १६७९-८० च्या हिवाळ्यात त्याचा न्यूटनशी पत्रव्यवहार झाला होता आणि त्यात व्यस्त वर्गाचा नियम त्याने स्पष्ट मांडला होता. गणिती सिद्धता मात्र त्याच्याकडे असल्याचं दाखवता आलं नाही. कल्पना सुचणं आणि ती सिद्ध करणं, यातल्या अंतरावर आजही विभागाविभागांत भांडणं होतात. न्यूटन तर इतका भडकला की तिसरा भाग छापूच नये असं म्हणू लागला. हॅलीचं हे पत्र मुळात त्याची समजूत घालण्यासाठीच लिहिलेलं आहे. म्हणजे आपला एकमेव साक्षीदारही तटस्थ नाही. त्याला न्यूटनला खूश ठेवायचं होतं, आणि छपाईचा खर्चही पुढे त्यानेच उचलला. जानेवारीतल्या त्या बुधवारी हूक नेमका कोणत्या सुरात बोलला, हे आपण न्यूटनच्या बाजूच्या माणसाकडून ऐकतोय.

स्लाइड मी बदलली आहे. '३०००' च्या जागी '५५१ (मेटलंड, १७३९)' आलं, आणि तिघांच्या चित्राखाली 'लंडन, जानेवारी १६८४, बुधवार' एवढंच लिहिलं. कॉफीचे कप पुसून टाकले. मेहनतीने काढले होते, वाईट वाटलं.

हूकची पुढची वही १६८८ मध्ये उघडते, तेव्हा 'प्रिन्सिपिया' छापून वर्ष होऊन गेलंय. त्याची नोंद करायची पद्धत तीच आहे : भेटलेली माणसं, पैसे, तब्येत. आणि पुन:पुन्हा, जोनाथन्स.