सेंट कॅथरीनचे चॅपेल, जुने गोवे

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील सोळाव्या शतकातले लहान प्रार्थनास्थळ. कोकणीत अशा वास्तूस ‘कपेल’ म्हणतात. असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चच्या पश्चिमेस ते आहे.

इतिहास : वजीर महमूद गावानने १४७२ मध्ये गोवा बहमनी राज्यास जोडला, पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. पोर्तुगीज सेनापती आफोंसो द आल्बुकर्कने १५१० च्या आरंभी शहर घेतले, मे महिन्यात ते गमावले आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरीनच्या सणाचा. म्हणून तिच्या नावे पहिले कपेल उभे राहिले. पोप तिसरा पॉल याने १५३४ मध्ये त्यास कॅथीड्रलचा दर्जा दिला, असे मानले जाते. १५६२ मध्ये बांधावयास घेतलेले से कॅथीड्रलही याच संतेला वाहिलेले आहे.

शिलालेख : येथील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे बांधकामातील कोरीव जांभा चिरा. पोर्तुगीज भाषेतील त्या लेखाचा आशय असा : ज्या वेशीतून आल्बुकर्कने सेंट कॅथरीनच्या दिवशी शिरून मुरांकडून (मुसलमानांकडून) शहर घेतले, ती वेस याच जागी होती, त्या दिवसाच्या स्मरणार्थ गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने १५५० मध्ये राजाच्या खर्चाने ही वास्तू बांधविली. स्थळ, तिथी, बांधविणारा आणि खर्च अशा चारही गोष्टी एकाच लेखात आढळतात. वेस नाहीशी झाली तरी तिची जागा या लेखामुळे टिकून आहे. मात्र तो जेत्यांनी चाळीस वर्षांनी कोरविलेला आहे. त्यात ‘मूर’ आहेत, आदिलशहाचे नाव नाही. विजयानंतर शहरातील मुसलमानांची कत्तल झाली, तिचाही उल्लेख नाही. आल्बुकर्कने पोर्तुगालचा राजा मानुएल यास डिसेंबर १५१० मध्ये लिहिलेल्या पत्रात ती नोंदलेली आहे. चिऱ्याचे वाचन या पत्रासह केले तरच पूर्ण होते.

वास्तू : जांभ्या दगडाची, दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांस मनोरे, आत एकच वेदी. १९५२ मध्ये पुनर्बांधणी झाली. त्यामुळे मूळ घडणीचा विचार करताना सर्वाधिक भार शिलालेखावरच द्यावा लागतो.

संरक्षण : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, १९८६ पासून ‘गोव्यातील चर्च व मठ’ या जागतिक वारसास्थळात समाविष्ट.