मधल्या बटणाची वहिवाट

संगणकावर यंत्रभागांचे आरेखन करणारा अभियंता माऊसचे मधले चाक दाबून धरतो, मनगट किंचित सरकवतो, आणि पडद्यावरील घनाकृती निमूटपणे पाठ फिरवून उभी राहते. ही क्रिया त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिलाही काही पूर्वपीठिका असेल, आणि तीत आपल्याच डाव्या हाताची वतनदारी खालसा झाली असेल, अशी शंका त्याला सहसा शिवत नाही.

१९६३ च्या सुमारास अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेत आयव्हन सदरलँड यांनी टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ सिद्ध केले, तेव्हा उजव्या हातात प्रकाशलेखणी, डाव्या हाताखाली बटणांची पेटी आणि चित्र सरकविण्यास वा लहानमोठे करण्यास निराळ्या गोल मुठी, अशी कामाची चोख वाटणी होती. रेघ ओढणे हा एक हुद्दा आणि रेघेकडे कोठून पाहावे हे ठरविणे हा दुसरा. दोष एकच, की उभ्या पडद्यावर लेखणी टेकवून धरता धरता बाहू भरून येई.

माऊसने हात मेजावर उतरविला. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली घडविलेल्या लाकडी ठोकळ्याच्या पोटाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती, आणि माथ्यावर बटण एकच. परंतु ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी आपली प्रणाली लोकांसमोर मांडली, तेव्हा त्यांचा डावा हात पाच कळींच्या छोट्या पट्टीवर होता, हे मात्र पुढे लोक विसरले. आरेखनाच्या महागड्या यंत्रांनी ही शिस्त बराच काळ पाळली. ऐंशीच्या दशकात त्यांच्याशेजारी आठ मुठींची एक पेटी असे, आणि डाव्या हाताने मूठ वळवावी तशी आकृती वळे.

वैयक्तिक संगणक स्वस्त झाला आणि काटकसरीच्या या कारभारात मुठींची पेटी बरखास्त झाली. आता सपाट मेजावरच्या सरकण्यातून घनाकृतीचे भ्रमण कसे साधावे, हा खरा पेच होता. १९८८ साली मायकेल चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि १९९२ साली केन शूमेक यांनी, आकृतीभोवती एक काल्पनिक गोल मानून माऊसने त्याचा पृष्ठभाग ओढावा, ही युक्ती मांडली. माझ्या मते या साऱ्या वंशावळीतील सर्वांत बुद्धिमान पूर्वज हाच. उरला प्रश्न बटणाचा. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसवर आलेले चाक मुळात लांबलचक मजकूर वरखाली करण्यासाठी होते, पण ते दाबलेही जाई, आणि आरेखनाच्या आज्ञावल्यांनी या नवागताच्या नावे दृश्याचा सारा मामला करून दिला.

सनदा मात्र एकसारख्या निघाल्या नाहीत. सॉलिडवर्क्समध्ये चाक दाबून ओढले की आकृती फिरते. ऑटोकॅडमध्ये ती नुसती सरकते, आणि फिरविण्यास शिफ्टची कळ सोबत घ्यावी लागते. चाक पुढे लोटले असता ऑटोकॅडमध्ये वस्तू जवळ येते, तर सॉलिडवर्क्समध्ये, मूळ मांडणी बदलली नसेल तर, दूर जाते. नोकरी बदलणाऱ्या आरेखकाचे हात नव्या कचेरीत काही दिवस परकेपणाने वागतात ते यामुळेच.

शरीराची तक्रार याहून जुनी वाटावी इतकी साधी आहे: फिरण्यासाठी घडविलेले चाक, ते फिरू न देता, दाबून धरायचे आणि त्याच वेळी मनगट सरकवायचे, म्हणजे बोटाचा ताण क्षणभरही सुटत नाही, आणि हे दिवसभर. जर्मन अंतराळ केंद्रातील यंत्रमानवांच्या संशोधनातून आलेला, डाव्या हाताने ढकलावयाचा स्पेसमाऊस ज्यांच्या मेजावर आहे, त्यांनी आकृती फिरविण्याचा अधिकार डावीकडे परत नेला आहे. तो विकणाऱ्या थ्रीडीकनेक्शन या कंपनीने २०१५ साली आरेखकांसाठी जो माऊस काढला, त्यात मधले बटण चाकापासून सोडवून पूर्ववत स्वतंत्र केले.