हरकतींचं माहेर

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटची जाहिरात आणि कुणाच्या तरी वारसाहक्काची नोटीस यांच्या मधोमध, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक मजकूर असतो. 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ अन्वये' अशी त्याची सुरुवात. पुढे श्वासही न घेता एकच वाक्य: मौजे अमुक, गट नंबर तमुक, ना-विकास क्षेत्रातून वगळून रहिवास क्षेत्रात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित असून नकाशा नगररचना विभागात कार्यालयीन वेळेत अवलोकनार्थ ठेवला आहे, कोणाच्या हरकती वा सूचना असल्यास त्या मुदतीत लेखी सादर कराव्यात. ज्यांच्या दारावरून रस्ता जाणार ते ही नोटीस वाचत नाहीत आणि ज्यांची चांदी होणार त्यांना ती छापून येण्याआधीच पाठ असते.

मी ती वाचतो. रोगच म्हणा. जमीन कशासाठी वापरायची याचे नियम बदलताना लोकांना विचारायचं, ही रीत आली कुठून? आणि विचारायचं ते असं का: आधी जाहीर करा, नकाशा उघडा ठेवा, मुदत घाला, लेखी घ्या? उत्तर हाती लागलं ते भलत्याच ठिकाणी. जे. एल. आणि बार्बरा हॅमंड या दांपत्याचं 'द व्हिलेज लेबरर' हे १९११ सालचं पुस्तक इंग्लंडच्या शेतमजुरांवर आहे. त्यात एक चर्चचं दार भेटलं आणि माझी खात्री पटली की आपल्या कलम ३७ चा खापरपणजोबा त्या दारावर खिळ्याने ठोकलेला आहे.

हकीकत अशी. इंग्लंडातल्या गावांत शेतं पट्ट्यापट्ट्यांची असत, एकाच कुळाचे पट्टे चार दिशांना विखुरलेले, आणि गायरानावर सगळ्यांची गुरं. मोठ्या जमीनदारांना हे सगळं एकत्र करून, वाटून, कुंपण घालून हवं होतं. त्यासाठी ते पार्लमेंटकडून गावापुरता खास कायदा करवून घेत. १६०४ ते १९१४ या काळात अशी ५,२०० हून अधिक विधेयकं आली, आणि ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, कुंपणाआड गेली. सुरुवातीला अर्ज परस्पर लंडनला जाई. गावाला कळे ते मोजणीदार साखळी घेऊन बांधावर उभा राहिला की. १७७४ साली हाउस ऑफ कॉमन्सने नियम केला: अर्ज करण्याआधी ऑगस्ट किंवा सप्टेंबरातल्या तीन रविवारी गावच्या चर्चच्या दारावर नोटीस लावायची. रविवारी अख्खा गाव त्या दारातून आत जातो, तेव्हा 'मला कळलंच नाही' म्हणायची सोय उरत नाही. नोटिशीचा खरा हेतू हाच होता असं माझं मत आहे, आणि तो अजूनही बदललेला नाही.

ऐकून घ्यायचं म्हणजे किती, तेही पाहा. गावाची संमती डोकी मोजून ठरत नसे. जमिनीच्या किमतीवर ठरे. तीन चतुर्थांश ते चार पंचमांश किमतीची जमीन ज्यांच्या हाती ते राजी असले की झालं. गायरानावर एक गाय चारणाऱ्या विधवेची नाराजी जमेला धरलीच तर अपूर्णांकात. नोटिशीचा नियम येण्याआधीच, १७६५ साली, नॉर्थॅम्प्टनशरमधल्या वेस्ट हॅडन गावात लोकांनी हरकत नोंदवण्याची स्वतःची तऱ्हा शोधली होती. वर्तमानपत्रात फुटबॉलच्या सामन्याची जाहिरात दिली. ठरल्या दिवशी गर्दी जमली, सामना राहिला बाजूला आणि कुंपणं उपटून त्यांची होळी झाली. जाहीर नोटिशीला जाहीर नोटिशीनेच दिलेलं हे उत्तर मला फार आवडतं.

नकाशा उघडा ठेवण्याची रीत मात्र चर्चची नव्हे, कालव्यांची. १७९० च्या दशकात इंग्लंडला कालवे खणण्याचं वेड लागलं, तेव्हा पार्लमेंटने दंडक घातला की कालव्याचा नकाशा जिल्ह्याच्या कारकुनाकडे आधी जमा करायचा. सोबत वाटेतल्या जमीनमालकांची यादी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे राजी, नाराज की तटस्थ हे लिहायचं. आगगाड्यांनी हीच वही पुढे चालवली. तटस्थांसाठी वेगळा रकाना! आपल्या हरकतींच्या नोंदवहीत तो असता तर सगळ्यांत जाड तोच भरला असता.

आता प्रतिपक्ष. नगररचनेचे अभ्यासक म्हणतील, चर्चबिर्च सोडा, ही रीत जर्मन आहे. त्यांच्या हातात पुरावा दणदणीत आहे. प्रशियाच्या २ जुलै १८७५ च्या रस्तारेषा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आखणीचा नकाशा लोकांना पाहायला ठेवावा आणि हरकतींसाठी किमान चार आठवडे द्यावेत. फ्रँकफुर्टचा महापौर फ्रान्झ आडिकेस याने १९०२ साली विखुरलेले भूखंड एकत्र करून, रस्त्याची जागा काढून, उरलेले पुन्हा वाटण्याचा कायदा मंजूर करून घेतला. आणि मुंबई सरकारच्या छापखान्यातून १९१३ साली जर्मनीच्या नगररचना कायद्यांवर एक अहवाल बाहेर पडला, लेखक बी. डब्ल्यू. किसन. नाव ऐकून गल्लत नको, हे आयसीएसमधले साहेब. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला, हिंदुस्थानातला पहिला. पुण्यात डेक्कन-शिवाजीनगरच्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' लिहितात, वांद्रे-पार्ल्यात 'टीपीएस', म्हणजे नगररचना योजना, लिहितात, ती त्याच वाटणीची खूण. मुदतीचा हिशेबही जर्मनांच्या बाजूने पडतो. विलायतेच्या १९०९ च्या कायद्यात मंजूर होऊ घातलेल्या योजनेवर हरकतीला २१ दिवस होते. आपल्या १९६६ च्या कायद्यात नगररचना योजनेसाठी कलम ६७ प्रमाणे तीस. चार आठवड्यांच्या शेजारी कोण बसतं ते उघड आहे.

तरी मी चर्चचं दार सोडायला तयार नाही. आडिकेसने भूखंडांच्या फेरवाटणीची युक्ती आणली कुठून? शेतीतून. विखुरलेले पट्टे एकत्र करून पुन्हा वाटण्याची जर्मन खेड्यांतली रीत त्याने शहराच्या वेशीवर आणली. इंग्रज गावातले कमिशनरही हेच करत: खाणावळीत बैठक मांडायची, दावे घ्यायचे, हरकती ऐकायच्या, नव्या वाटण्यांचा निवाडा द्यायचा. आपल्या योजनेतले मूळ भूखंड, अंतिम भूखंड आणि लवाद शेजारी मांडून पाहा. सोंगं तीच, फक्त कपडे बदललेले. जर्मन आणि इंग्रज ही चुलत घराणी आहेत आणि दोघांचंही मूळ नांगरटीत आहे. त्यातलं थोरलं कोण एवढाच वाद, आणि १७७४ हे १८७५ च्या एकशे एक वर्षं आधी येतं. एवढं मला पुरे.

दुसरा प्रतिपक्ष घरचाच. व्याख्यानात कोणीतरी उठतोच: आमच्याकडे गोतसभा होती, तिच्या निवाड्यांचे महजर होते, इंग्रजांनी आम्हाला काय शिकवायचं? महजर मला प्रिय आहेत. देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार सगळे जमलेले, खाली पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, शेट्याच्या नावापुढे तागडी. पण गोतसभेपुढचा प्रश्न 'वतन कोणाचं, शीव कुठली' हा असे. 'या जमिनीवर उद्या काय व्हावं' हे तिला कोणी विचारलं नाही. पुण्यात पेठ वसवायची तर कौल सुटे, हरकती मागवल्या जात नसत. आपण या घराण्याला दिली ती जागा: गावात चर्च नव्हतं, म्हणून नोटीस चावडीवर डकवली गेली आणि दवंडी पिटली गेली. भूसंपादनात तर तेवढंच होतं. १८९४ च्या कायद्याने संपादनालाच हरकत घेण्याचा हक्क दिला नव्हता. कलम ५-अ घालून तो १९२३ साली आला. तोवर मोबदल्यावर भांडा, जमिनीवर नको.

इथवर झाली हरकतीची कथा. सूचना हे वेगळंच घराणं आहे, आणि माझ्या मते कुळकथेतली खरी गंमत तिथे आहे. १९५४ चा मुंबई नगररचना कायदा काढून वाचा. नगररचना योजनेवर बोलण्याचा हक्क बाधित व्यक्तीला, आणि तिने द्यायची ती हरकत. सबंध शहराच्या विकास योजनेवर मात्र जनतेपैकी कोणीही बोलावं, आणि त्याने द्यायची ती सूचना, दोन महिन्यांच्या आत. ज्याचा बांध त्याची हरकत. ज्याचं गाव त्याची सूचना. चर्चच्या दारावर ही दुसरी बाई कुठेच दिसत नाही. जर्मन कायद्यातही नाही. विलायतेच्या १९०९ च्या कायद्यात परिषदा भरवून सहकार्य घ्यावं असं आहे, पण ते जमिनीत हितसंबंध असलेल्यांचं.

स्वातंत्र्य आलं, लोकशाही आली, म्हणून सूचना आली, असं कोणी म्हणेल. असेलही. माझा कौल पॅट्रिक गेडिसकडे जातो. हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ साली हिंदुस्थानात आला. नकाशे, चित्रं, तक्ते यांचं त्याचं नगर-प्रदर्शन मागून बोटीने येत होतं, ते एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. (जर्मनांनी आपल्याला नगररचनेचा कायदा दिला आणि प्रदर्शन समुद्रात घातलं, हिशेब चुकता.) गेडिसने दुसरं जमवलं. १९१५ मध्ये त्याने मुंबई इलाख्यातल्या शहरांचे अहवाल लिहिले, १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. होळकरांच्या इंदुरात तर त्याने प्लेगच्या उंदराची सोंगं काढून दिवाळीची मिरवणूक काढली, आणि ती जाणार त्या मार्गावरची घरं लोकांनी आपणहून झाडून काढली, असं त्याच्या चरित्रांत येतं. शहराचं दुखणं त्या शहरात राहणाऱ्याला ठाऊक असतं, मालकी असो वा नसो, हा त्याचा ध्यास. मुंबईतल्या वर्गांतून आणि अहवालांतून ही कल्पना इथल्या नगररचनाकारांत मुरली आणि १९५४ ला कायद्यात उतरली, असं मी मानतो.

१९६६ च्या कायद्याने दोघींना एका घरात आणलं: 'हरकती व सूचना'. विकास योजनेवरच्या अर्जांसाठी नियोजन समिती आली, स्थायी समितीतले तीन आणि बाहेरचे जाणकार जास्तीत जास्त चार. एका पालिकेत अशी सुनावणी मी मागच्या बाकावर बसून पाहिली आहे. टोकन नंबर पुकारायचा, माणूस उठायचा. एका शेतकऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला, नकाशाच्या झेरॉक्सवर पेनाने केलेला ठिपका दाखवला: ही विहीर, हा तुमचा अठरा मीटरचा रस्ता. समितीतल्या एकाने ठिपका पाहिला, दुसऱ्याने पुढचा नंबर पुकारला. मग एक निवृत्त शिक्षक उठले. त्यांची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. ओढा बुजवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. 'तुम्ही बाधित आहात का?' असं त्यांना विचारलं गेलं. विचारणाऱ्याला कायदा ठाऊक नव्हता; चर्चच्या दाराची सवय मात्र अंगात पुरती मुरलेली होती.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ साली ऐंशी हजारांच्या वर अर्ज पडले, बरेचसे छापील नमुन्यावर नाव भरून. मुंबईचा आराखडा २०१५ मध्ये लोकांच्या ओरड्यामुळे नव्याने करायला घ्यावा लागला. राज्याची बांधकामांची एकत्रित नियमावली २०२० च्या डिसेंबरात लागू झाली तीही हरकती-सूचनांच्या वाटेनेच, आणि तिच्यात फेरबदल सुचवणाऱ्या नोटिसा अजून निघतात.

सूचनेने हरकतीवर मात केल्याचं उदाहरण हवं तर गोव्यात जावं लागतं. २००६ च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं, २००७ च्या सुरुवातीला सरकारने आराखडा मागे घेतला, आणि नव्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेलं कृती दल नेमलं गेलं. या वेळी नकाशे गावोगावच्या पंचायतींत गेले. ग्रामसभांत माणसं आपल्या गावाच्या नकाशावर वाकून खाडीकाठचं खाजन कुठे, त्याचं पाणी अडवणारी मानस कुठे, डोंगराचा उतार कुठे हे दाखवू लागली. त्यांतल्या कित्येक गावांत ग्रामसभा रविवारी भरते, सकाळची मिसा सुटल्यावर.