‘एक हिंदू’ची आठ पत्रे

सन १८४१ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी वृत्तपत्रात संपादकांस लिहिलेले एक पत्र छापून आले. पत्राखाली लेखकाचे नाव नव्हते. ‘एक हिंदू’ एवढीच सही होती. ऑक्टोबरपर्यंत त्याच सहीची एकंदर आठ पत्रे प्रसिद्ध झाली. कंपनी सरकारचा राज्यकारभार आणि त्या कारभारापायी या देशाच्या संपत्तीची चाललेली गत, हा त्यांचा विषय होता.

‘गॅझेट’ हे मुंबईतील गोऱ्या लोकांचे पत्र. कंपनीचे मुलकी आणि लष्करी अंमलदार, कोटातील पेढ्यांचे मालक, वकील-बॅरिस्टर हा त्याचा मुख्य वाचकवर्ग. इंग्रजी शिकलेले एतद्देशीय वाचक त्या मानाने थोडेच. पेशवाई जाऊन तेवीस वर्षे झाली होती. आपण या देशाला अंदाधुंदीतून सोडविले, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त केला, रस्ते निर्भय केले, तेव्हा येथील रयतेने आपले उपकार स्मरावेत, अशी या वाचकांची प्रामाणिक समजूत होती. त्यांना अनोळखी असा एक मनुष्य त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच पत्राच्या रकान्यातून हे उपकार नाकारण्यास उभा राहिला.

त्याचा मुद्दा मोठा मार्मिक आहे. पेंढारी आणि रामोशी यांच्यापासून तुम्ही आम्हांला वाचविले, हे श्रेय तुम्हांला द्यावे असे मनात येते, पण तुमची व्यापाराची पद्धत आड येते. या लुटारूंना पाच-सहाशे वर्षांत जेवढी आमची थैली रिकामी करता आली नसती, तेवढी या पद्धतीने थोड्या वर्षांत केली आहे, असे तो म्हणतो. यातील पाचशे-सहाशे वर्षे हा वादाच्या भरातला आकडा आहे, हे उघड आहे. परंतु त्यामागील विचार भरातला नाही. पेंढारी लुटून नेई ते शेजारच्या मुलखात नेई, आणि तेथील बाजारात खर्ची. पैसा हातचा जाई, पण देशाबाहेर जात नसे. येथे तो समुद्रापार जात होता आणि परत येण्याची वाट नव्हती.

हा लेखक म्हणजे भास्कर पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१६ चा. म्हणजे पत्रे लिहिली त्या वेळी वय अवघे पंचवीस. वसईजवळच्या तर्खड गावावरून आडनाव घेतलेले हे घराणे मुंबईत स्थायिक झाले होते. महाराष्ट्राला या घराण्याची ओळख आहे ती इतर दोघा भावांमुळे. थोरले दादोबा पांडुरंग हे मराठी व्याकरणकार. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. धाकटे डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष. मधले भास्कर मात्र पुष्कळ काळ विस्मृतीत राहिले.

नाव न घालता लिहिण्याची मुभा त्यांना मिळाली ती एका कायद्यामुळे. १८३५ साली हंगामी गव्हर्नर-जनरल सर चार्लस् मेटकाफ यांनी वृत्तपत्रांवरील परवान्याचे निर्बंध काढून टाकले. मुद्रकाने आणि प्रकाशकाने आपले नाव व छापखान्याचे ठिकाण सरकारात नोंदवावे, एवढेच बंधन उरले. पत्रलेखकाचे नाव विचारणारे कलम त्यात नव्हते. इंग्रज वाचकांनाही टोपणनावाचे नवल नव्हते. लंडनच्या एका पत्रात १७६९ ते १७७२ या काळात ‘ज्युनियस’ या सहीने मंत्रिमंडळावर आग पाखडणारी पत्रे येत होती, आणि त्यांचा लेखक कोण हे निर्विवादपणे कधीच ठरले नाही. तेव्हा ‘एक हिंदू’ने स्वीकारलेली रीत ही त्यांच्याच घरची होती. फरक एवढाच की ज्युनियस इंग्रज होता आणि आपल्याच मंत्र्यांना बोल लावीत होता; येथे जित जेत्याला जाब विचारीत होता. दादोबा शिक्षणाच्या सरकारी सेवेत होते, आणि इंग्रजी विद्या शिकलेल्या तरुणाला प्रतिष्ठेचा मार्ग सरकारी कचेरीतूनच जाई. बिननावाच्या सहीचे मोल या परिस्थितीत काय असेल, ते सांगावयास नको.

त्या पत्रांतील तक्रार पोकळ होती काय? वाद व्यापाराचा असल्याने जकातीचे दर पाहावेत. १८४० साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे ही सारी हकीकत आली होती. इंग्लंडमधून हिंदुस्थानात येणाऱ्या सुती आणि रेशमी कापडावर शेकडा साडेतीन जकात, लोकरी मालावर शेकडा दोन. उलट हिंदुस्थानातून इंग्लंडात जाणाऱ्या सुती कापडावर शेकडा दहा, रेशमी कापडावर वीस आणि लोकरीवर तीस. ज्या देशाच्या मलमलीने एके काळी युरोपची पेठ काबीज केली, त्या देशाचा विणकर यंत्रावर निघालेल्या मालाशी आधीच झुंजत होता. त्यात ही जकात. खुल्या व्यापाराचा उपदेश करणाऱ्या राष्ट्राने हा दुहेरी काटा वापरावा, हे समितीपुढे साक्ष देणाऱ्या काही इंग्रजांनाही रुचले नव्हते. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. म्हणजे भास्कर पांडुरंग लिहीत होते तेव्हा मँचेस्टरला तोड देणारी एकही गिरणी या शहरात नव्हती.

दुसरी बाजू खजिन्याची. १८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण भागीदारांचा नफा बंद झाला नाही. साठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर शेकडा साडेदहा दराने दरसाल सहा लक्ष तीस हजार पौंड त्यांना मिळावेत, आणि ते हिंदुस्थानच्या वसुलातून द्यावेत, असे ठरले. दुकान बंद झाले आणि दुकानदाराचा नफा गिऱ्हाइकाच्या शेतसाऱ्यातून सुरू राहिला! याशिवाय निवृत्त अंमलदारांची पेन्शने, कर्जावरील व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च, गोऱ्या नोकरांनी मायदेशी धाडलेली शिल्लक. हे सारे चुकते करायचे तर येथून माल निर्यात व्हावा आणि त्याच्या मोबदल्यात काही येऊ नये, असाच हा हिशेब होता. माँटगोमेरी मार्टिन या इंग्रज लेखकाने १८३८ साली त्याचे गणित मांडले. वर्षाला तीस लक्ष पौंड बाहेर जातात असे धरून, येथील रूढ दराने म्हणजे शेकडा बारा चक्रवाढीने, तीस वर्षांची रक्कम त्याने बहात्तर कोटी पौंडांवर नेली. चक्रवाढीने कोणतीही रक्कम भयंकर दिसते हे खरे. तथापि मूळचे तीस लक्ष ही काही कल्पनेतली रक्कम नव्हती.

ही तक्रार पुढे देशभर ज्या नावाने ओळखली गेली ते नाव दादाभाई नवरोजींचे. आर्थिक निःसारणाचा त्यांचा सिद्धांत १८६७ साली लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधापासून उभा राहिला आणि १९०१ च्या ग्रंथात पूर्ण झाला. १८४१ च्या पावसाळ्यात दादाभाई पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि मुंबईतच एल्फिन्स्टन संस्थेत शिकत होते. ती पत्रे त्यांच्या वाचनात आली होती असे म्हणण्यास आधार नको तितका ओढावा लागेल. तो ओढू नये. तसेच भास्कर पांडुरंगांच्या लेखनात दादाभाईंची आकडेमोडही शोधू नये. दादाभाईंनी सरकारी अहवालांतून एकेक रकम काढून सरकारच्याच गळ्यात घातली. ते काम वर्षानुवर्षांचे आहे. भास्कर पांडुरंगांची आहेत ती वृत्तपत्रातील पत्रे. पण दारिद्र्याचे कारण दैव नव्हे, आळस नव्हे, राज्यपद्धती आहे, हे विधान जाहीर वादात त्यांनी दादाभाईंच्या आधी सव्वीस वर्षे केले.

त्यांनी हा वाद इंग्रजीत केला. ज्याला जाब विचारायचा त्याच्या भाषेत तो विचारावा, हे योग्यच. परंतु ज्या विणकराचा माग बंद पडला त्याच्यापर्यंत ‘गॅझेट’ पोहोचत नव्हते. योगायोग असा की आठ पत्रांची मालिका संपली त्याच ऑक्टोबरात, २४ तारखेस, गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांचे ‘प्रभाकर’ हे मराठी साप्ताहिक निघाले. १८४३ साली रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या पूर्वीच्या व तत्कालीन स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले, आणि देशाच्या संपत्तीची चर्चा देशी भाषेत सुरू झाली. १८४८ पासून ‘प्रभाकरा’त ‘लोकहितवादी’ या सहीने शतपत्रे येऊ लागली. त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते; सही पुन्हा टोपणनावाचीच. मात्र लोकहितवादींचा रोख वेगळा. भास्कर पांडुरंगांनी राज्यकर्त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. लोकहितवादींनी प्रथम आपल्याच समाजाला तेथे नेले, त्याच्या अज्ञानाची आणि निरुद्योगाची झडती घेतली. हे दोघे समोरासमोर येऊन वाद घालते, तर मराठी वाचकांना एक मोठा ठेवा मिळाला असता.

तो योग नव्हता. भास्कर पांडुरंग १८४७ साली वारले, शतपत्रांतील पहिले पत्र छापले जाण्याच्या आदल्या वर्षी. वय एकतीसच्या आसपास. इतिहाससंशोधक डॉ. जे. व्ही. नाईक यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती आठ पत्रे जुन्या अंकांतून काढून अभ्यासकांपुढे ठेवली, आणि २००१ साली दादाभाईंच्या पूर्वसूरींत भास्कर पांडुरंगांची गणना केली. ‘गॅझेट’च्या त्या अंकांत सही मात्र अजून तशीच आहे: ‘एक हिंदू’.