प्रसूतीनंतरचें मौन

खोकला आला, शिंक आली किंवा पाण्याची घागर उचलली कीं नकळत लघवी होणें, ही प्रसूतीनंतरची व्यथा फार जुनी आहे. परंतु तिचा इतिहास थोडाच लिहिला गेला. लाज हेंच त्याचें कारण होय.

ह्या व्यथेचे मुख्य प्रकार दोन. एकांत गर्भभारानें व प्रसूतीनें ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि मूत्रमार्गास पुरेसा आधार उरत नाहीं. दुसरा अधिक दारुण. बाळाचें डोकें फार काळ अडून राहिलें, कीं दाबाखालीं सांपडलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तो भाग मरून गळतो. मूत्राशय व योनिमार्ग ह्यांमध्यें छिद्र पडतें आणि लघवी अहोरात्र झिरपत राहते. सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या इजिप्तमधील हेनहेनित ह्या राजस्त्रीच्या जतन केलेल्या देहांत असेंच छिद्र आढळलें.

त्यावर खात्रीचा उपाय सांपडला तो १८४९ सालीं. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत मॅरियन सिम्स ह्या शस्त्रवैद्यानें चांदीच्या तारेचे टांके घालून छिद्र बुजविलें. परंतु ज्यांच्या देहावर हें कसब सिद्ध झालें, त्या ॲनार्का, बेट्सी व लूसी गुलाम स्त्रिया होत्या. त्यांना नकाराचा अधिकार नव्हता. भूलही दिली गेली नाहीं. एकट्या ॲनार्कावर सुमारें तीस शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्या प्रकारासाठीं १९४८ सालीं अर्नोल्ड केगेल ह्यांनीं शस्त्रावांचून मार्ग दाखविला: सैल स्नायू आवळण्याचा नित्य व्यायाम.

विद्या वाढली, खेड्यांत मात्र मौन कायम राहिलें. डॉ. राणी व डॉ. अभय बंग ह्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ सालीं प्रसिद्ध केली. शेंकडा ९२ जणींना स्त्रीरोगांपैकीं कांहीं ना कांहीं विकार होता. पूर्वीं तपासणी झालेल्या शेंकडा आठच.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, प्रश्न अंतराचाही आहे. सातपुड्यांतील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला झोळींत घालून डोंगर उतरल्याचे प्रसंग ह्या शतकांतही घडले आहेत. अशा वेळीं वाटेंत गेलेला प्रत्येक तास छिद्राचा धोका वाढवितो.

वेळीं सुटका झाली तर छिद्र टळतें. पडलें तरी बहुधा शिवतां येतें. खोकल्यासरशी होणारी गळती व्यायामानें पुष्कळदां आवरते. तेव्हां हिला बाईपणाचें प्रारब्ध मानण्याचें कारण नाहीं. सासूनें सुनेला आणि आईनें लेकीला मोकळेपणानें विचारावें, इतकी सुरुवात घरींच होऊं शकते.