त्राकाय : तीन खिडक्यांचे गाव

लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस. तिच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, सरोवरांच्या वेढ्यात, त्राकाय नावाचे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव आहे. गाल्वे सरोवरातील बेटावरचा लाल विटांचा किल्ला ही त्याची जगाला असलेली ओळख. ग्रँड ड्यूक विताउतास १४३० साली याच गावी निवर्तला. सतराव्या शतकात मॉस्कोशी झालेल्या युद्धात किल्ला उद्ध्वस्त झाला. आज आपल्याला दिसतो तो बव्हंशी विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला.

आम्हांला मात्र किल्ल्याकडे नेणाऱ्या रस्त्यावरची लाकडी घरे अधिक बोलकी वाटतात. रस्त्याच्या बाजूला प्रत्येक घराला तीन खिडक्या. एक देवासाठी, एक घरच्यांसाठी आणि एक विताउताससाठी, असे लोक सांगतात. ही घरे कराईमांची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विताउतासने क्रिमियातून आपल्याला इथे आणून वसवले, असे त्यांची परंपरा सांगते. १४४१ साली त्यांना स्वशासनाची सनदही मिळाली.

कराईम हिब्रू बायबल मानतात, पण तालमूद आणि रब्बींची परंपरा नाकारतात. त्यांची बोली मात्र तुर्की कुळातील. धर्म एका दिशेला बोट दाखवतो, भाषा दुसऱ्या. मग हे यहुदी की तुर्क? शतकानुशतके हा प्रश्न पंडितांच्या वादापुरता नव्हता. कर, लष्करभरती आणि वस्तीचा हक्क त्यावर ठरत असे. रब्बीपंथी यहुद्यांना त्राकायमध्ये राहण्यास मज्जाव करणारी फर्माने कराईमांनी राजसत्तेकडून मिळवली होती. झारच्या राज्यात यहुद्यांवरील जाचक नियमांतून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली. विसाव्या शतकात त्यांचे धर्मप्रमुख सेराया शाप्शाल यांनी तुर्की उगमाचा धडाडीने पुरस्कार केला. सोयीचा इतिहास म्हणून आपण याला नाक मुरडू शकलो असतो. परंतु पुढे जे घडले त्यानंतर ते सोपे राहत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये बर्लिनच्या वंशशोध कार्यालयाने कराईमांना यहुदी समाजाचे घटक मानू नये, असा निर्वाळा दिला. १९४१ मध्ये जर्मन फौजा लिथुआनियात शिरल्या. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला त्राकाय परिसरातील यहुद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांच्याच अहवालात आकडा आहे : १४४६, त्यांपैकी ५९७ मुले. गावातले कराईम वाचले.

तरीही नाझींच्या मनातील शंका पुरती फिटली नव्हती. त्यांनी वस्त्यांत कोंडलेल्या यहुदी विद्वानांकडेच कराईमांच्या उगमाविषयी अभिप्राय मागितला. व्हिल्नियसमध्ये झेलिग काल्मानोविच यांनी आणि वॉर्सात मेइर बालाबान यांनी कराईम वंशाने यहुदी नाहीत, असे लिहून दिले. त्यांना वाचवण्यासाठीच हे मत दिले गेले, असे अनेक इतिहासकार मानतात. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या आपल्याशी नाते नाकारले, त्याच्यासाठी या विद्वानांनी आपली लेखणी झिजवली. बालाबान १९४२ साली वॉर्साच्या कोंडवाड्यात वारले. काल्मानोविच एस्टोनियातील छळछावणीत.

खरे काय, हे शोधणे इतिहासकाराचे काम, असे आपण मानतो. पण ज्या प्रश्नाच्या एका उत्तराला मरण आणि दुसऱ्याला जीवन अशी किंमत लावली जाते, तिथे अपराध उत्तर देणाऱ्याचा नसून प्रश्न विचारणाऱ्याचा असतो, असे आम्हांला वाटते.

आज साऱ्या लिथुआनियात कराईम दोनशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांची बोली बोलणारे तर फारच थोडे. त्यांचे केनेसा हे प्रार्थनामंदिर उभे आहे. पर्यटक खिम्याचे गरम किबिनाय खातात, तीन खिडक्यांची छायाचित्रे घेतात आणि किल्ल्याकडे वळतात. यहुद्यांच्या घरांना किती खिडक्या होत्या, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.