मौर्य साम्राज्य आणि आजच्या सीमा
कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे पोफळी (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी) प्राचीन अपरान्तात, म्हणजे कोकणात मोडते. अपरान्तात मौर्य सत्ता पोहोचल्याचा मुख्य पुरावा पोफळीपासून बराच दूर, उत्तरेला नालासोपाऱ्यात आहे. तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये, तर नवव्याचा १९५६ मध्ये सापडला.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील या साम्राज्याचे लेख भारताबाहेर आज चार देशांत आढळतात: पाकिस्तानात शाहबाजगढी व मानसेहरा, अफगाणिस्तानात कंदाहार, नेपाळमध्ये लुंबिनी आणि बांगलादेशात महास्थानगड. याउलट चोल, पांड्य, सतियपुत्र व केरळपुत्र यांचा उल्लेख अशोकाने दुसऱ्या शिलालेखात सीमेपलीकडील शेजारी म्हणून केला आहे. म्हणजे कंदाहार साम्राज्यात होते, पांड्यांची मदुराई मात्र बाहेर.

आजच्यासारखी आखीव सीमारेषा तेव्हा नव्हती. साम्राज्यातील सर्व प्रदेशही सारखाच अंकित नव्हता. तेराव्या शिलालेखात अशोक आपल्याच राज्यातील अरण्यवासीयांना समज देतो. नकाशातील सलग रंग हे विखुरलेल्या लेखांवरून बांधलेले अनुमान असते. पोफळीचा परिसर मौर्यांच्या रंगात दिसतो, तो याच अनुमानाने.